नाणेघाटातला खर्चाचा हिशेब

पावसाळ्यात नाणेघाटाचे रील्स फिरतात ते उलट्या धबधब्याचे. कॅमेरा दरीकडे. पण त्याच खिंडीतल्या गुहेच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब कोरलेला आहे, तो फारसा कुणी दाखवत नाही.

कल्याण बंदरातला माल या घाटाने जुन्नरला चढायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. गुहेतला प्राकृत लेख सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. यज्ञांत काय काय दान दिलं याची ती यादी आहे: १,७०० गायी, १० हत्ती, २४,४०० कार्षापण. अंक लिहायची पद्धत भारी आहे. शून्य नाही. हजाराला वेगळं चिन्ह, चार हजार लिहायचे तर त्यालाच चारचं चिन्ह जोडायचं. दिवसभर डेटाबेसशी झटापट करणाऱ्या माझ्यासारख्याला यात एक गोष्ट मात्र खटकते. इथे खर्चाची बाजू आहे, जमेची नाही. एवढे कार्षापण आले कुठून?

घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. उघड्यावर नाणी ठेवून कोण निवांत झोपेल? मला तो पाण्याचा वाटतो. पण जकात असणारच. राजघराण्याने आपल्या माणसांच्या मूर्ती नावांसकट याच गुहेत कोरल्या (आता फक्त पाय उरलेत), त्या आडरानात नव्हे, वाहत्या रस्त्यावर.

तो रस्ता अडवला की काय होतं, ते इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात दिसतं. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं तेव्हा पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोच सातवाहनांच्या शत्रूकडे, क्षत्रपांकडे होतं. पैठणचा माल गाड्यांवरून तिकडे जायचा, वाट २० दिवसांची. घाटात एक दगडही न हलवता नाणेघाटाची कमाई पळवता येत होती ती अशी.

ओझी वाहून हा घाट चढणाऱ्यांचं नाव राणीच्या यादीत नाही. दूरदेशाहून आलेल्या एकाचं मात्र जुन्नरच्या लेण्यांत सापडतं. इरिल नावाचा यवन. त्याने तिथे पाण्याची दोन टाकी खोदवून दिली.