महबूल्याहून नायगावला

सप्टेंबरची संध्याकाळ. कुवैतमधल्या महबूल्यात अजून दमट उकाडा आहे. फहाहील एक्सप्रेस वेवरच्या गाड्यांचा आवाज सातव्या मजल्यापर्यंत येतोय. खाली रिकाम्या प्लॉटवर वाळूतच गाड्या दाटीवाटीनं लावल्यात. तुम्ही ताटात पोळी वाढताय आणि मुलगा सांगतो, "बसमधली मोठी मुलं त्या नव्या मुलाचा डबा रोज हिसकावून घेतात. तो गावाकडून आलाय ना, इंग्लिश बोलताना अडखळतो. सगळे हसतात."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही."

"बरं केलंस," तुम्ही म्हणता. "आपण परमुलखात आहोत. नसत्या भानगडीत पडू नये."

तुमच्या या बोलण्यामागची भीती खरी आहे. अकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, कंपनीच्या हातात, घर पगारावर चाललेलं. ६ एप्रिल २०२० ला महबूला आणि जलीब हे दोन भाग कोरोनामुळे बंद करण्याची घोषणा झाली. कामगारांनी भरलेल्या या इमारती कुंपणाआड गेल्या. त्याच सुमाराला परदेशी लोकांना देशाबाहेर काढा अशी भाषाही जाहीरपणे झाली. असे दिवस पाहिलेला माणूस मान खाली घालून जगायला शिकतो. पण ही भीती सोबत घेऊनच जरा मागे चला, दीडशे वर्षांहूनही मागे.

आता पायाखाली चिखल आहे. साल १८६८, ऑगस्ट महिना. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा पेट्यातलं नायगाव. गर्दी दिसण्याआधी तिचा कालवा कानावर येतो. मग दिसतात ती दोघं. गणेश, गावोगाव फिरून धर्मकृत्यं करणारा, लोकांचं भविष्य सांगणारा ब्राह्मण तरुण. आणि सारजा, महार समाजातली मुलगी, सहा महिन्यांची गरोदर. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे, आणि ते गावाला कळलंय. लोकांनी दोघांना पकडून गावातून धिंड काढलीय. आता त्यांना ठार मारायची भाषा चाललीय.

तुम्ही कडेला उभे आहात. असे कडेला उभे राहिलेले तिथे आणखीही आहेत. त्यांच्या चेहऱ्यांकडे नीट बघा. सगळेच काही क्रूर दिसत नाहीत. काहींना हे पटलेलंही नसावं. पण प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतोय, आणि शेजारी गप्प आहे.

तेवढ्यात एक बाई धावत येते. सावित्रीबाई फुले, वय सदतीस. नायगाव त्यांचं माहेर. माहेर म्हणून इथे त्यांना सगळं माफ आहे असं समजू नका. याच माहेरात, १८५६ साली, आजारपणात विश्रांतीला आल्या असताना, महारामांगांसाठी काम करते म्हणून सख्ख्या भावानंच त्यांना बोल लावले होते. त्यांनी तिथल्या तिथे, आईसमोर, त्याला उत्तर दिलं होतं. पुण्यात शाळेत शिकवायला जाताना अंगावर आलेलं शेण आणि दगड तर त्याच्याही आधीचे. परक्यांच्या दगडापेक्षा भावाचा शब्द झेलणं अवघड, असं मला वाटतं. त्या दिवशी नायगावात त्या आल्या तेव्हा ही तयारी त्यांच्या मागे होती.

त्या गर्दीला काय सांगतात ते ऐका. प्रेम पवित्र असतं, जात खोटी असते, असलं व्याख्यान त्या देत बसत नाहीत. इंग्रजी कायद्यात या दोघांना मारण्याचा परिणाम काय होईल, तेवढंच त्या बजावतात. भारतीय दंड संहिता लागू होऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. गर्दीत माणूस स्वतःला सुटा समजत नाही, म्हणून तो काहीही करायला धजतो. कायद्याचं नाव निघालं की पुढचा विचार ज्याचा त्याला करावा लागतो. लोकांचा बेत बदलतो.

पण सगळं गोड होत नाही. सदुभाऊ नावाचे गृहस्थ रागानं म्हणतात, या दोघांनी गाव सोडून जावं. दोघं कबूल होतात. हा न्याय नव्हे. गुन्हा करायला निघालेलं गाव घरात राहणार आणि ज्यांची धिंड निघाली ते गाव सोडणार. सावित्रीबाई तिथे अडून बसत नाहीत. दोन जीव, आणि सारजाच्या पोटातला तिसरा, आधी वाचायला हवेत. दोघं त्यांच्या पाया पडून रडतात, त्या त्यांची समजूत घालतात आणि त्यांना पुण्याला आपले पती जोतिरावांकडे पाठवतात. ज्या घरात त्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि ज्याचा पाण्याचा हौद १८६८ मध्येच अस्पृश्यांसाठी खुला झाला, त्या घरी. २९ ऑगस्टच्या पत्रात त्यांनी जोतिरावांना हे सगळं कळवलं आहे.

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेवटचं पाऊल. मध्ये पडणं एका क्षणाचं असतं. ज्याला वाचवलं त्याला सुरक्षित जागी पोचवेपर्यंत त्याच्यासोबत राहणं, हे खरं अवघड काम. शाळेच्या बसमध्येही हेच लागू आहे. मोठ्या मुलांशी मारामारी करायला मुलाला सांगू नका. त्या नव्या मुलाशेजारी रोज बसायला सांगा. बसमधल्या मावशींना आणि वर्गशिक्षकांना नावानिशी कळवा. त्या मुलाच्या आईवडिलांना स्वतः फोन करा, कारण तो त्यांना यातलं काही सांगत नसेल. आणि रस्त्यावर कुणावर हात उचलला जात असेल तर कुवैतमध्ये ११२ हा नंबर आहे. अकामा असलेल्या माणसालाही तो लावता येतो.

सावित्रीबाईंचं ते पत्र मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय'मध्ये आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ते पुस्तक काढलंय. पत्र लहानसं आहे. आज रात्री जेवण झाल्यावर मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा.