हयात माणसांच्या गोष्टी

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधून ऑफिसला निघालेला माणूस रिक्षात बसल्या बसल्या चालकाचा फोटो काढतो. सिल्क बोर्डच्या कोंडीत त्याच्याकडून मुलीची फी, बायकोचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज असं सगळं ऐकून घेतो आणि ‘पीक बेंगळुरू’ (खास या शहरातलाच प्रसंग) म्हणून पोस्ट टाकून मोकळा होतो. चालकाला त्याचा पत्ताही नसतो.

दुसऱ्याचं आयुष्य आपल्या गोष्टीत ओढणं मराठीला नवं नाही. आधी मात्र माणूस गेल्यावर लिहिण्याची रीत होती. न्यायमूर्ती रानडे 1901 मध्ये वारले, त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणी 1910 मध्ये आल्या. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934चा. नवऱ्याचा संताप, न सांगता घर सोडून जाणं, लक्ष्मीबाईंनी काही झाकलं नाही.

‘बलुतं’ या आत्मकथनाने 1978 मध्ये ही रीत मोडली. दया पवारांनी त्यात दगडूला, म्हणजे स्वतःलाच, बोलतं केलं, पण गोष्टीतली माणसं हयात होती. आपली लक्तरं चव्हाट्यावर का, असं त्यांच्याच दलित समाजातून विचारलं गेलं. बेबी कांबळेंनी तर आपलं लिखाण कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवलं. मग मलिका अमर शेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (1984) आणि सुनीताबाई देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (1990) आलं, तेव्हा त्यांचे नवरे नामदेव ढसाळ आणि पु. ल. दोघेही हयात होते. नवऱ्यांवर अन्याय झाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. मला तसं वाटत नाही. दोघांच्याही हातात लेखणी होती, उत्तर देता आलं असतं.

मला टोचतात त्या रमाबाईंच्या घरातल्या बायका. शिकण्यावरून त्यांनी रमाबाईंना छळलं, ते पुस्तकात कायमचं नोंदलं गेलं. त्यांची बाजू कुणी लिहिली नाही.

कायदा उशिरा जागा झाला. खुनांबद्दल शिक्षा झालेल्या ऑटो शंकरच्या आत्मचरित्रावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये सांगितलं, की कुणाच्याही घरच्या, सार्वजनिक नोंदीत नसलेल्या गोष्टी संमतीशिवाय छापता येत नाहीत. खासगीपणा मूलभूत हक्क ठरला 2017 मध्ये, आणि तो खटला लढवणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी बेंगळुरूचेच.

कोर्टापर्यंत रिक्षाचालक जाणार नाही. म्हणून लिहिलेलं त्याला आधी कन्नडमध्ये वाचून दाखवा. नको म्हणाला, तर टाकू नका.