मोटारीच्या पोटाखालचा गंज

तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात करून दाखवलेला असतो. एका नळीत साध्या पाण्यात खिळे. दुसरीत उकळून गार केलेले पाणी आणि त्यावर तेलाचा थर. तिसरीत कोरडी हवा आणि ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइड. काही दिवसांनी पहिल्या नळीतले खिळे गंजतात, बाकीचे चकचकीत राहतात. गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हा निष्कर्ष बरोबरच आहे. पण ‘झाकले की वाचले’ एवढाच अर्थ त्यातून घेतला तर काय होते, याचा धडा मोटारींच्या इतिहासात सापडतो.

थंड प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकले की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो आणि बर्फ वितळते. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात हे धोरण म्हणून प्रथम स्वीकारले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेत सर्वत्र पसरली. रस्ते मोकळे झाले, पण खारे पाणी चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटाला चिकटू लागले. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच ओलावा ओढते. त्यामुळे असा पत्रा लवकर वाळत नाही.

याच काळात गाडीची बांधणीही बदलत होती. पूर्वी जाड सांगाड्यावर (चासिसवर) वेगळी बॉडी बसवीत. पुढे बऱ्याच मोटारींत पातळ पत्रे जोडून केलेली बॉडी हाच सांगाडा झाला. आता गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहिला नाही. आतून कुजलेला पत्रा अपघातात माणसाला वाचवू शकत नाही.

यावर सुचलेला उपाय सरळ होता. गाडीच्या खालच्या बाजूला डांबरासारखा काळा, जाड थर द्यायचा. नवा असताना तो उत्तम काम करी. पण थंडीत तो कडक होई, खडे लागून त्याला भेगा पडत आणि कडा सुटत. त्या फटीतून खारे पाणी आत शिरे. वरून काळाभोर, धडधाकट दिसणाऱ्या थरामागे पत्रा मात्र झिजत राही.

असे का व्हावे? थराखाली तर ऑक्सिजन कमी पोहोचतो. मग तिथे गंज कमी नको का? याचे उत्तर मोटारींवर मीठ उडू लागण्याच्या आधीच मिळालेले होते. लोखंडाचे गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे, असे विलिस व्हिटनी यांनी १९०३ मध्ये मांडले होते. पुढे १९२० च्या दशकात केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी पोलादावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवून ही क्रिया डोळ्यांना दिसेल अशी करून दाखवली. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, म्हणून तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पडतो. लोखंड विरघळते ते मध्यभागी! तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे जातात आणि कडेचा ऑक्सिजन ते स्वीकारतो. म्हणजे ऑक्सिजन हवाच, पण तो असतो एकीकडे आणि झीज होते दुसरीकडे. तांबूस गंज जमतो तो या दोन जागांच्या मधे.

आता तडकलेला थर पुन्हा पाहा. भेगेच्या तोंडाशी ऑक्सिजन भरपूर, आत खोलवर कमी. थेंबाच्या मध्यभागी घडते तेच इथे आतल्या पत्र्याबाबत घडते. अर्धवट झाकणे हे कधी कधी उघडे ठेवण्यापेक्षा वाईट ठरते, ते यामुळे.

मग तेलाचे काय? तेलात ऑक्सिजन पाण्यापेक्षा जास्त विरघळतो. त्यामुळे तेलाचा थर ऑक्सिजनची वाट कायमची अडवू शकत नाही. त्याचा खरा उपयोग धातूपासून पाणी आणि क्षार दूर ठेवण्याचा. पातळ तेल पत्र्यांच्या सांध्यांत आपोआप सरकत जाते. त्यात घातलेल्या सल्फोनेटसारख्या संयुगांच्या रेणूंचे एक टोक धातूला चिकटते आणि दुसरे तेलकट टोक पाण्याला थारा देत नाही. शिवाय तेल वाळत नाही, म्हणून त्याला तडा जात नाही. ओरखडा पडला तरी ते पुन्हा पसरते. पाणी हटवणारे द्रव शोधण्याची खटपट अन्य क्षेत्रांतही चालू होती. डब्ल्यूडी-४० हे प्रसिद्ध द्रव १९५३ मध्ये सॅन डिएगो येथे चाळिसाव्या प्रयत्नात साधले, असे त्याचे नावच सांगते. १९५९ मध्ये डेट्रॉइटला कुर्ट झीबार्ट यांनी मोटारींच्या बंद पोकळ्यांत संरक्षक द्रव्य फवारण्याचा व्यवसाय सुरू केला. कॅनडात आजही अनेक लोक दर वर्षी गाडीखाली तेल फवारून घेतात. दर वर्षी, कारण तेल धुऊन जाते. ते ठिबकते आणि साध्या रबराला फुगवते, हे त्याचे दोष.

दरम्यान कारखान्यांनी मुळातच उपाय केला. १९६० च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी विजेच्या साहाय्याने रंग बसवण्याची पद्धत विकसित केली. सांगाडा रंगाच्या हौदात बुडवल्याने कानाकोपऱ्यांतही थर बसू लागला. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून पोर्शने आणि १९८५ मध्ये ऑडीने जस्तलेपित पत्र्याच्या बॉडी आणल्या. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्येच, जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी वापरले होते.

आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर समुद्राकडून येणारी खारी हवा तेच काम करते. गाडीखाली जळके ऑइल मारण्याची युक्ती त्यावर स्वस्त वाटते, पण त्यात इंजिनात तयार झालेली आम्ले आणि धातूंचे कण असतात आणि ते शेवटी जमिनीत मुरते. तिचा आग्रह धरू नये.

वर्गात मात्र इव्हान्स यांचा थेंब अवश्य दाखवावा. १०० मिलिलिटर पाण्यात ३ ग्रॅम मीठ, ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे काही थेंब मिसळा. (फेरिसायनाइड आम्लात मिसळू नये किंवा तापवू नये.) घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर याचा एक थेंब ठेवा. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले दिसतील. हळूहळू मध्य निळा आणि कडा गुलाबी होईल. निळा रंग म्हणजे विरघळणारे लोखंड. पण रंग दिसण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारा : गंज कुठे सुरू होईल, जिथे हवा जास्त तिथे की जिथे कमी तिथे? बहुतेक हात चुकीच्या बाजूने वर होतील, आणि खरा धडा तिथूनच सुरू होईल.