कामाचा कागद

मुंबईच्या गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं, तेव्हा म्हाडाला एक प्रश्न सोडवावा लागला: हा माणूस गिरणीत होता, हे ठरवायचं कशावरून? १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार पात्र, असा निकष होता. पुरावा म्हणून गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबरची प्रत, सर्व्हिस सर्टिफिकेट, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ईएसआयसीचा नंबर, हजेरीपत्रक, पगाराची पावती, असं काहीबाही चालत होतं. पहिली मोठी सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. तोवर १९८२ च्या संपाला तीस वर्षं झालेली, बहुतेक गिरण्या बंद, कित्येक कामगार हयात नाहीत. मग वारसांनी गावाकडच्या ट्रंका उपसल्या.

त्या यादीतले बहुतेक कागद कामावर लागल्यावर, काम चालू असताना तयार झालेले. ‘तुम्हाला अमुक पगारावर, अमुक अटींवर कामावर घेत आहोत’ असं पहिल्या दिवशी सांगणारं पत्र साचेखात्यातल्या, म्हणजे विणाई खात्यातल्या, माणसाकडे सहसा नसायचंच. कारकुनाला ते मिळायचं. एकाच गिरणीच्या एकाच दरवाजातून आत जाणाऱ्या दोघांत हा फरक का, याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

कामाचा लेखी करार आपल्याकडे आला तो कामगाराच्या सोयीसाठी नव्हे. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजूर जाऊ लागले, त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती. १८३७ च्या कायद्याने असा नियम केला की जाणाऱ्याने अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं आणि कराराच्या अटी लेखी असायच्या. मुदत फार तर पाच वर्षं. कागदावर हे मजुराचं संरक्षण होतं. प्रत्यक्षात ज्याला वाचता येत नाही त्याचा अंगठा कराराखाली उमटला, की पाच वर्षं मळा सोडणं हा गुन्हा ठरायचा.

देशातल्या देशात हेच काम १८५९ च्या तेराव्या कायद्याने केलं. कलकत्त्याच्या युरोपीय व्यापाऱ्यांची तक्रार होती की कारागीर उचल घेतात आणि पळून जातात. सरकारने त्यांचं ऐकलं. उचल घेऊन काम न करणाऱ्याला मालक मॅजिस्ट्रेटपुढे खेचू शकत होता. मॅजिस्ट्रेट पैसे परत करायला किंवा काम पुरं करायला सांगे, आणि काम करायचा हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर त्याला तुरुंग नव्हता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी केलेला हा कायदा पुढे आसामच्या चहामळ्यांपर्यंत पोचला आणि रद्द व्हायला १९२० चं दशक अर्धं उलटावं लागलं. म्हणजे कामाच्या कागदाच्या पहिल्या पिढीत कामगाराचं नाव होतं ते देणेकरी म्हणून.

मुंबईच्या गिरण्यांना मात्र या कायद्याची फारशी गरज पडली नाही. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला चालू झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांनी परळ-लालबागचा नकाशा बदलला. इथे करार झाला तो तोंडी, आणि तोही मालकाशी नाही. सातारा-रत्नागिरीहून आलेला माणूस पहिल्यांदा भेटे जॉबरला. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. कामाला लावणं, काढणं, रजा देणं, कोणत्या साच्यावर उभं करायचं ते ठरवणं, सगळं जॉबरच्या हातात. नोकरी लागताना दस्तुरी, म्हणजे चिरीमिरी, टिकवायलाही दस्तुरी. पुष्कळदा खोली त्याच्याच ओळखीने मिळे, कर्जही त्याच्याकडूनच. गिरणीच्या दप्तराला माणूस माहीत असे तो नंबरापुरता.

लेखी करार नसला तरी माणूस बांधलेला असे, कारण पगार थकवलेला असे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर किंवा त्याहून उशिरा हाती पडायचा. नोटीस न देता गेलं की तो बुडाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला सभा भरवून सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी आहे, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आहे, जखमी झाल्यास भरपाई आहे. आणि मागच्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत द्या, हीसुद्धा मागणी आहे. आज ही मागणी किरकोळ वाटते, पण त्या अर्जातलं सगळ्यात धारदार वाक्य मला तेच वाटतं, कारण गिरणी सोडून जायचं स्वातंत्र्य त्या तारखेत अडकलं होतं. रविवार १८९० मध्ये मिळाला. पगाराची तारीख कायद्यात यायला १९३६ उजाडलं: हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या आत. दंडही रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक कापायचा नाही, असं त्याच कायद्याने बजावलं.

मधल्या काळात गिरणीमालकांनी नियम छापले होतेच. पण ते मालकांनी मालकांसाठी केलेले. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप झाला तेव्हा भांडण दरांचं, कामाच्या वाढत्या बोज्याचं होतं, तसंच या नियमांचंही होतं. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट कमिटीपुढे नियमांचा कीस काढला गेला. कामगारांच्या बाजूने, म्हणजे तेव्हा नव्या असलेल्या गिरणी कामगार युनियनच्या बाजूने पाहिलं तर ही मोठी गोष्ट होती. नियम हे मालकाच्या मर्जीचं प्रकरण न राहता दोघांनी समोरासमोर बसून भांडायचा मजकूर झाला.

१९३१ मध्ये व्हिटली कमिशनने जॉबरवर बोट ठेवलं आणि भरतीचं काम त्याच्याकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यायला सांगितलं. चार वर्षांनी, १९३५ मध्ये, मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची योजना आणली. इथे थोडं थांबायला हवं, कारण गिरणगावातल्या कामगाराच्या हातात कामाच्या हक्काचा म्हणता येईल असा जो पहिला कागद पडला, तो हाच.

बदली म्हणजे कायम कामगार खाडा करील त्या दिवशी त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. तोवर रोज सकाळी दरवाजापाशी गर्दी जमे आणि जॉबर त्यातून माणसं उचली. अर्थात आपल्या भाऊबंदांपैकी, दस्तुरी देणाऱ्यांपैकी. नव्या योजनेत दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गिरणीने ठराविक बदल्यांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी हजेरी लावायची आणि रिकाम्या जागा आधी त्यांच्यातूनच भरायच्या. कार्डाने कामाची हमी मिळाली नाही. कार्ड असूनही महिन्यातले कित्येक दिवस माणूस हात हलवत घरी जाई. मालकांचा हेतूही उदार नव्हता. त्यांना खाडे आणि जॉबरची मनमानी दोन्ही आटोक्यात आणायची होती. पण हजर राहिल्याची नोंद आता जॉबरच्या आठवणीत न राहता कामगाराच्या खिशात राहू लागली. जॉबर त्यामुळे संपला नाही, आणखी बरीच वर्षं टिकला. फक्त आता त्याला नाही म्हणता येईल असा पुरावा समोरच्याकडे होता.

१९३८ चा मुंबईचा औद्योगिक विवाद कायदा आठवतो तो संपावर घातलेल्या बंधनांमुळे. डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात त्याच्याविरुद्ध एकत्र उतरले, आणि त्यांचा विरोध रास्तच होता. पण मालकांनी स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे नियम, तयार करून मंजूर करून घेतले पाहिजेत, ही सक्तीही त्याच कायद्यात होती. पुढे १९४६ मध्ये हीच गोष्ट देशभर लागू करणारा स्थायी आदेशांचा कायदा झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खातं आंबेडकरांकडेच होतं.

या १९४६ च्या कायद्यात कल्पनाशक्ती आहे. प्रत्येक कामगाराशी वेगळा करार करायच्या फंदात तो पडला नाही. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याने (महाराष्ट्रात पन्नास) नोकरीच्या अटी एकदाच लिहायच्या, सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायच्या, आणि इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळ खास फलकावर लावायच्या. कायम, हंगामी, बदली, शिकाऊ, उमेदवारीतला, असे कामगारांचे वर्ग ठरवायचे. नमुना आदेशांत कायम कामगाराला खात्याचं तिकीट आहे, बदलीला कार्ड आहे, त्यावर कामाचे दिवस लिहायचे आहेत, आणि नोकरी सुटताना कायम कामगाराला सर्व्हिस सर्टिफिकेट आहे. म्हाडाच्या यादीतल्या काही कागदांचं मूळ अशा स्थायी आदेशांत आहे. साचेवाल्याला पत्र का नव्हतं, तेही इथेच कळतं: त्याचं नेमणूकपत्र भिंतीवर होतं, सगळ्यांचं मिळून एक.

मग सुरू झाला २४० चा खेळ. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये दुरुस्ती होऊन वर्षात २४० दिवस काम म्हणजे सलग सेवा, असं ठरलं. तेवढं भरलं की कपातीच्या वेळी नोटीस आणि भरपाई. महाराष्ट्राचे नमुना आदेश आणखी पुढे गेले: २४० दिवस सलग काम केलेल्या बदलीला किंवा हंगामी कामगाराला कायम करा. कारखान्यांनी कॅलेंडर जवळ घेतलं. दोनशेतिसाव्या दिवसाच्या आसपास ‘ब्रेक’ द्यायचा, आठ-पंधरा दिवसांनी त्याच माणसाला नव्या नावाने नाहीतर नव्या नंबराने परत घ्यायचं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पिंपरी-चिंचवडला, नाशिकच्या अंबडला ‘ब्रेक दिला’ हे दोन शब्द कुणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यात ही चलाखी नाव घेऊन लिहिली: कायमपणाचे फायदे द्यायला लागू नयेत म्हणून माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा हंगामी ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा. कोर्टात ती सिद्ध करायची तर पुन्हा दिवसांचा हिशेब लागतो, आणि तो हिशेब असतो मालकाच्या मस्टरवर.

बाकीच्यांच्या वाट्याला कागद तुकड्यातुकड्यांनी आला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांनी कंत्राटदाराला तीन दिवसांत रोजगार कार्ड द्यायला सांगितलं. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना १९७६ च्या कायद्याने ठरलेल्या नमुन्यातलं नेमणूकपत्र मिळालं. बांधकाम मजुराला १९९६ च्या कायद्याखाली मंडळात नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागायचा, आणि नाक्यावर रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्याने तो कुणाकडून आणायचा, हा प्रश्न अजून आहे.

टेबलावर काम करणाऱ्यांना पत्र मिळालं, पण त्याला जुनी सवय चिकटून आली. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यावर सोडून जास्त पगारावर कोट्याच्या कंपनीत गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीत त्याला तसलं काम दुसरीकडे करायला बंदी केली. १८७२ च्या करार कायद्यानुसार कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो, पण नोकरीच्या मुदतीपुरतं बंधन चालतं, अशी रेघ त्या निकालाने ओढली. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका सरकारी बँकेची अट मान्य केली: तीन वर्षांच्या आत सोडाल तर दोन लाख भरा. आता सक्तमजुरी नाही, आणि बँकेचा भरतीचा खर्चही खरा. तरी १८५९ चं उचलीचं गणित वाचलेल्याला ही रक्कम ओळखीची वाटते. नव्या नोकरीच्या पत्रात पगाराचा आकडा पाहून सही करणाऱ्यांनी आधी हे कलम वाचावं. 

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र सगळ्यांना, असं जाहीर झालं. ज्यांना मिळालं नव्हतं त्यांना तीन महिन्यांत द्यायचं. गरज उघड होती: २०२३-२४ च्या सरकारी श्रमबल पाहणीत शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी सुमारे ५८ टक्के लोकांकडे लेखी करार नव्हता. पण त्याच दिवशी स्थायी आदेशांची मर्यादा तीनशे कामगारांवर गेली. पत्र आलं आणि भिंतीवरचा फलक बहुतेक कारखान्यांतून उतरला. फलक सगळ्यांचा होता, त्यावर युनियन भांडू शकत होती. पत्रावर एकटा माणूस सही करतो, तीही नोकरीची सगळ्यात जास्त गरज असते त्या दिवशी. हा सौदा मला बरोबरीचा वाटत नाही. शिवाय नेमणूकपत्र ज्या संहितेत आहे तिचा ‘आस्थापना’ हा शब्दच साधारणपणे दहा कामगारांपासून सुरू होतो. मुंबईचं कापड जिथे गेलं त्या भिवंडीत एका शेडचे चार मालक दाखवून आकडा खाली ठेवायची रीत जुनी आहे.

आणि बीड. ऊसतोडीचा मुकादम आजही उचल देतो, कोयत्यामागे, म्हणजे नवराबायकोच्या जोडीमागे. करार अनेकदा स्टँप पेपरवर होतो. त्यात कामाचे तास, मजुरी, सुट्टी यांपेक्षा ठळक असते ती घेतलेली रक्कम. कारखान्याचा व्यवहार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी, मजुराशी नाही. सरकारने २०२१ मध्ये ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं, म्हणजे तोही कागद यायचा तो गावाकडून, कारखान्याकडून नाही. उचलीच्या कराराखाली सही किंवा अंगठा सहसा नवऱ्याचा असतो. बायको निम्मं काम करते, आणि ती आजारी पडून फडात गेली नाही तर त्या दिवसाचा खाडा जोडीच्या हिशेबातून कापला जातो.