घर आपले, अंगण साऱ्यांचे

शेजारी राहणे आणि सोबत राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भिंतीला भिंत लागली म्हणजे शेजार होतो. सोबत मात्र घडवावी लागते. आपल्या प्रांतात ती कोणी कशी घडविली, कोठे ती मोडली आणि मोडल्यावर काय गमावले, याचा इतिहास घरांच्या बांधणीतच लिहिलेला आहे.

बीड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात लिंबागणेश नावाचे गाव आहे. भालचंद्र गणपतीच्या स्थानामुळे भाविकांस ते परिचित आहे. ज्या मुलखात हे गाव वसले आहे, त्या मराठवाड्याचे जुने घर म्हणजे माळवदाचे घर. जाड भिंती, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना. घर किती मोठे, हे खणांवरून मोजावयाचे. धान्य भिंतीतील बळदात नाही तर जमिनीतील पेवात ठेवावयाचे. वैशाखातील ऊन त्या मातीतून आत उतरेपर्यंत संध्याकाळ होई, आणि रात्री सारे घर माळवदावर निजावयास जाई. घरे एकमेकांस इतकी लागून असत की एका माळवदावरून दुसऱ्यावर सहज जाता येई. सामायिक भिंतीमुळे दगड, माती आणि लाकूड कमी लागे, घर थंड राही आणि सुपीक जमीन वस्तीखाली फारशी जात नसे. काटकसर आणि सहवास यांची सांगड येथे कोणी उपदेश करून घातली नव्हती. ती बांधणीतूनच आली होती.

वाड्यात शिरताना प्रथम ढेलज लागे. तेथपर्यंत वाटसरूही येऊन बसू शके. पुढे चौक, मग ओसरी, मग माजघर. प्रत्येक पायरीगणिक परकेपणा कमी होई आणि खाजगीपण वाढे. चौकातील आड एक, चुली मात्र भावाभावांच्या वेगळ्या. वाटण्या झाल्या तरी आड वाटला जात नसे. घर विभक्त आणि पाणी सामायिक, हा तोडगा खेड्यातील माणसाने कोणत्याही ग्रंथावाचून शोधला होता.

तथापि या चित्रावर केवळ सोनेरी रंग चढविणे अन्यायाचे होईल. सामायिक आडाचे पाणी शेंदावयाचे, सामायिक जात्यावर दळावयाचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे पान वाढावयाचे, हे काम स्त्रियांच्याच वाट्यास येई. गावाचे अंगण साऱ्यांचे म्हणावे, तर वेशीबाहेरच्या वस्तीस त्या अंगणात पाय ठेवता येत नसे, आणि गावच्या आडावर तिचा हक्क नसे. सहवास होता, समता नव्हती. कोणी काय सोसावयाचे हे जन्माने ठरलेले असल्यामुळे ते कोठे लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही.

हीच माणसे पोटासाठी मुंबईस गेली, तेव्हा खेड्यातील चौक चाळीच्या रूपाने पुन्हा उभा राहिला; परंतु आता तो मालकाच्या किंवा सरकारच्या सोयीने उभा राहिला होता. १९२० नंतरच्या दशकात बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे दोनशेहून अधिक इमारती बांधल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. नळ आणि संडास सामायिक, आणि साऱ्या खोल्यांची दारे एकाच लांब मार्गावर उघडणारी. अडचण मोठी होती. परंतु त्या अडचणीतूनच पाळणाघर, पतपेढी, व्यायामशाळा आणि भजनीमंडळ ही सारी एका मजल्यावर नांदू लागली. गिरगावातील केशवजी नाईक यांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो चाळीला अंगण होते म्हणूनच. गिरणगावात कामगारांस जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या स्त्रियांचे श्रम मात्र बराच काळ कोणाच्या हिशेबात धरले गेले नाहीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा त्या श्रमांस संघटनेचे बळ लाभले.

चाळीचे वैगुण्य एकच आणि फार मोठे होते. राहणारे एक आणि धनी दुसरा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूस संरक्षण दिले, परंतु गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती करण्यास मालक राजी नव्हता, आणि जी वस्तू आपली नाही तिच्यावर खर्च करण्याचा उत्साह भाडेकरूस नव्हता. सोबत होती, सत्ता नव्हती. म्हणून छपरे गळू लागली.

सत्तेचा हा प्रश्न एका गृहस्थाने फार पूर्वीच ओळखला होता. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कायकिणी यांच्या नावे मुंबईत सहकारी पतपेढी काढली होती. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांसही वाट मोकळी झाली. तिचा लाभ घेऊन १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. भारतातील या प्रकारच्या आद्य संस्थांत तिची गणना होते. जमीन व इमारती संस्थेच्या, संस्था सभासदांची आणि सभासद तेथील रहिवासी. म्हणजे भाडे देणारा तोच आणि घेणाराही तोच. दुरुस्ती कधी करावयाची, वर्गणी किती ठेवावयाची, हे परका मालक न ठरविता रहिवाशांची सभा ठरवू लागली. जन्माने लादलेल्या भाराच्या जागी हातवर करून मान्य केलेला भार आला. चाळीस जे मिळाले नव्हते ते येथे मिळाले. वर्तुळ मात्र एका ज्ञातीपुरते होते, ही त्या काळाची मर्यादा होय.

पुढे सोसायटी हा शब्द शहरात घरोघरी पोचला, परंतु त्यातील सहकार हळूहळू हिशेबापुरता उरला. जिना, पाण्याची टाकी आणि पहारेकरी एवढेच सामायिक. वार्षिक सभेस गणपूर्ती होण्याची पंचाईत! २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या त्याच सरकारी चाळींतील ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरातच न्हाणीघर आणि संडास येणे ही गोष्ट लहान नव्हे; तीन पिढ्यांनी तिची वाट पाहिली. परंतु चाळीचा तो लांब मार्ग उंच मनोऱ्यात आपोआप चढत नाही. तो मुद्दाम योजावा लागतो.

तो कसा योजावा, याचा एक धडा डेन्मार्क देशाने घालून दिला. यान गुडमन-होयर या वास्तुविशारदाने १९६४ पासून काही मित्रांसह असा प्रयत्न चालविला होता, तो शेजाऱ्यांच्या विरोधामुळे प्रथम फसला. १९६७ साली बोडिल ग्रे या लेखिकेने, प्रत्येक मुलास शंभर आईबाप असावेत, असा विचार एका लेखात मांडला. अखेर १९७२ साली कोपनहेगनच्या उत्तरेस हिलेरॉड गावाजवळ सेत्तेदामेन ही वसाहत उभी राहिली. घरे सत्तावीस. प्रत्येकाचे स्वयंपाकघर स्वतंत्र, आणि त्याशिवाय एक सामायिक घर, जेथे एकत्र जेवता येते. अशा वसाहतींत स्वयंपाकाची पाळी स्त्रीपुरुष दोघांनाही येते, आणि पाळी कोणाची हे फलकावर लिहिलेले असते. आपल्या वाड्यात जे उणे होते ते नेमके हेच.

उलट, हे सारे विसरून घरे बांधली तर काय होते, तेही मराठवाड्यानेच पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. भूकंपास टिकतील अशी ती घरे होती, आणि ते अत्यावश्यकच होते. परंतु आखणी शहरी वसाहतीसारखी झाली. सरळ रुंद रस्ते, सुटे सुटे भूखंड. जुन्या आळीत दाराशी बसल्या बसल्या चालणारी विचारपूस त्या अंतरात विरून गेली. जमीनधारणेप्रमाणे कोणास २५० चौरस फुटांचे, कोणास ४०० आणि कोणास ७५० चौरस फुटांचे घर मिळाले, भाऊबंद पांगले. भिंती भक्कम झाल्या, शेजार सैल झाला.

आता बालाघाटाकडे पुन्हा दृष्टी वळवावी. बीड जिल्ह्याच्या या डोंगराळ, अल्पपर्जन्य भागातून दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. ती फेडण्यासाठी पाचसहा महिने कारखान्याच्या तळावर कोपीत संसार. मागे गावात घरांना कुलपे, आणि उरतात ती म्हातारी माणसे व शाळकरी मुले. मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालविण्याची सरकारी योजना आहे. म्हाताऱ्यांची चूल मात्र ज्याची त्याने पेटवावयाची.

सहनिवास ही शहरातील सुखवस्तू माणसांची हौस आहे, असे मानणाऱ्यांनी या कुलपांकडे पाहावे. एका आळीतील दहा वृद्धांचे एका चुलीवर रांधले गेले, त्याच पडवीत मुलांचा अभ्यास झाला, आणि सरपण, पाणी व पाळी यांचा हिशेब ग्रामसभेत मांडला गेला, तर त्यास नवे नाव किंवा परदेशी नकाशा लागणार नाही. वाड्याने अंगण दिले, चाळीने सोबत दिली, तालमकींच्या संस्थेने सत्ता दिली आणि सेत्तेदामेनने पाळीचा फलक दिला. यांपैकी एकही वगळले की उरलेली तीन फार दिवस टिकत नाहीत. घराची किल्ली आपल्या कमरेला असावी, आडाचा दोर मात्र सर्वांच्या हाती असावा, आणि पाणी कोणी शेंदावयाचे हे आधी ठरलेले असावे. सोबत राहण्याची सारी विद्या एवढ्यात आली.