साथही आपली, सोलोही आपलाच

रॉबर्ट जॉन्सन या अमेरिकी ब्लूज गायक-वादकाची ध्वनिमुद्रिका 'रोलिंग स्टोन्स'च्या किथ रिचर्ड्सने तरुणपणी प्रथम ऐकली, तेव्हा जॉन्सनबरोबर वाजवणारा तो दुसरा गिटारवादक कोण, असे त्याने विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. दुसरा कोणी नव्हताच. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या जॉन्सनच्या २९ गाण्यांत अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारांवर गाण्याला उत्तर देत राहतात. एकाच माणसाने साथ आणि सोलो दोन्ही सांभाळणे ही ब्लूजची मूळ रीत. 'रिदम गिटार' आणि 'लीड गिटार' ही वाटणी नंतरची, बँडच्या सोयीने झालेली.

ही वाटणी झाली त्याला आवाज कारणीभूत होता. १९३० च्या दशकातल्या मोठ्या जॅझ वाद्यवृंदांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या गजरापुढे साध्या गिटारचा स्वर ऐकूच येत नसे. काउंट बेसीच्या वाद्यवृंदात १९३७ मध्ये दाखल झालेल्या फ्रेडी ग्रीनने १९८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तब्बल ५० वर्षे, प्रत्येक बारमध्ये चार ठोके देण्याचे काम केले. सोलो जवळजवळ नाहीच. याउलट विजेवर चालणारी गिटार घेऊन १९३९ मध्ये बेनी गुडमनकडे आलेला चार्ली ख्रिश्चन सॅक्सोफोनच्या तोडीचे सोलो वाजवू लागला. अवघ्या २५ व्या वर्षी, १९४२ मध्ये तो गेला. पण तोवर लीड गिटार जन्माला आली होती. पुढे बी. बी. किंगसारख्या थोर वादकाने, आपल्याला कॉर्ड वाजवता येत नाहीत, असे मोकळेपणाने सांगितले. त्याच्यामागे अख्खा बँड उभा होता, म्हणून ते खपले.

घरी एकट्याने सराव करणाऱ्या विद्यार्थ्यामागे मात्र कोणीच नसते. तयार ध्वनिफितीवर तो पेंटाटॉनिक स्केलच्या ताना सफाईने घेतो. फीत बंद केली, की त्याच ताना अधांतरी लोंबकळतात. आपण कितव्या बारमध्ये आहोत, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि पुष्कळदा वाजवणाऱ्यालाही कळत नाही. जॅझच्या अंगाने जाणारा ब्लूज शिकताना खरी कसोटी हीच, की एकट्या गिटारवर आवर्तन ऐकू आले पाहिजे.

बारा बारांचे आवर्तन

ब्लूजचे आवर्तन १२ बारांचे. प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. 'जी' हा षड्ज धरला, तर पहिले चार बार 'जी सेव्हन', पाचवा-सहावा 'सी सेव्हन', सातवा-आठवा पुन्हा 'जी सेव्हन', नववा 'डी सेव्हन', दहावा 'सी सेव्हन' आणि शेवटचे दोन घरी परत. जॅझवाल्यांनी हा सांगाडा न मोडता त्यात वळणे घातली. दुसऱ्याच बारमध्ये 'सी सेव्हन'ला स्पर्श करून परतायचे. आठव्यात 'ई सेव्हन', नवव्यात 'ए मायनर सेव्हन', दहाव्यात 'डी सेव्हन' अशी उतरण घ्यायची. चार्ली पार्करने १९५१ मध्ये 'ब्लूज फॉर अॅलिस'मध्ये ही वळणे इतकी वाढवली, की जवळपास प्रत्येक बारमध्ये कॉर्ड बदलते. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

एवढ्या कॉर्ड आणि वर सोलो, हे दोन हातांत मावायचे कसे? उत्तर आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. पूर्ण सहा तारांची कॉर्ड वाजवायचीच नाही. कॉर्डची ओळख तिच्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरात असते; हे दोन स्वर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर मिळतात (सर्वांत बारीक तार ती पहिली). 'जी सेव्हन'साठी चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट आणि तिसऱ्या तारेवर चौथा. दोन्ही बोटे एक फ्रेट खाली सरकवली, की 'सी सेव्हन'. एक फ्रेट वर नेली, की 'डी सेव्हन'. साधा ब्लूज एवढ्या तीन जागांत संपतो.

जॅझची उतरणही याच दोन तारांवर बसते. 'ई सेव्हन'साठी सहावा आणि सातवा फ्रेट, 'ए मायनर सेव्हन'साठी दोन्हीकडे पाचवा, 'डी सेव्हन'साठी चौथा आणि पाचवा, मग 'जी सेव्हन'साठी पुन्हा तिसरा आणि चौथा. बोटे पायरी-पायरीने उतरतात आणि आवर्तन घरी आल्याचे कानाला आपोआप कळते. खर्जाचा स्वर यात नाही. बास गिटारवाला सोबत असेल तर तो लागतही नाही. नसेल तेव्हा अधूनमधून अंगठ्याने घ्यावा.

वरच्या दोन तारा आता सोलोसाठी मोकळ्या राहतात. इथे मराठी कानाला एक फायदा आहे. ब्लूजचा जीव असलेला स्वर म्हणजे कोमल गंधार, किंवा नेमके सांगायचे तर कोमल आणि शुद्ध यांच्या मधला, तार ओढून काढलेला गंधार. 'जी सेव्हन'मध्ये शुद्ध गंधार असतो, त्यामुळे पहिल्या बारमध्ये वरचा कोमल गंधार त्याच्याशी घासतो. पाचव्या बारमध्ये 'सी सेव्हन' येते आणि तिच्यात कोमल गंधार मुळातच असतो; तोच स्वर एकदम निवांत होतो. एकच जागा दोन्ही ठिकाणी वाजवून पाहिली, तर कॉर्ड सोलोचा अर्थ कसा बदलते, हे पुस्तकाविना समजते.

सवाल आणि जवाब

साथ आणि सोलो एकाच क्षणी वाजतात, हा गैरसमज आहे. बहुतेक वेळा ते आळीपाळीने येतात. दोन बार सुरांची जागा, मग श्वासाएवढी विश्रांती आणि त्या रिकाम्या जागेत कॉर्डचे दोन तुटक ठोके. कॉर्ड लांबवली, तर बोटे अडकतात. म्हणून ती वाजवताच सोडायची. मेट्रोनोमचा ठोका पहिल्या मात्रेवर न घेता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ऐकायची सवय लावली, तर स्विंगचा झोल हातात येतो. गती साठच्या आसपास असली तरी पुरे. वेगाने वाजवून चुका झाकता येतात, संथ लयीत ती सोय नाही.

पुढचा टप्पा वेस माँटगोमेरीचा. तो पिकऐवजी अंगठ्याने वाजवी. शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून ही सवय लागली, असे सांगितले जाते. त्याचे सोलो बरेचदा तीन मजल्यांचे असत: आधी सुटे स्वर, मग सप्तकाच्या जोड्या, शेवटी संपूर्ण कॉर्डमध्ये बांधलेली धून. तिसऱ्या मजल्यावर साथ कुठे संपते आणि सोलो कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण. १९६० च्या 'द इन्क्रेडिबल जॅझ गिटार'मध्ये हे ऐकायला मिळते. विद्यार्थ्याने मात्र पहिले वर्षभर पहिल्याच मजल्यावर राहिलेले बरे.

त्यासाठी अधिक जवळचा गुरू केनी बरेल. १९६३ चा त्याचा 'मिडनाइट ब्लू' हा अल्बम मुद्दाम पियानोशिवाय ध्वनिमुद्रित झाला. सॅक्सोफोन, बास, ड्रम आणि काँगा, एवढेच साथीदार. कॉर्डची जबाबदारी एकट्या गिटारवर. 'चिटलिन्स कॉन कार्ने'मध्ये बरेल दोन-तीन स्वरांची जागा घेतो, थांबतो आणि स्वतःलाच कॉर्डने उत्तर देतो. पहिल्यांदा ऐकताना फक्त या थांबण्याकडे लक्ष द्यावे आणि दुसऱ्यांदा ऐकताना गिटार हाती घेऊन, सोलो सोडून, केवळ ती उत्तरे वाजवून पाहावीत.