मुंबई ते लंडन : किती तास?

मुंबईहून लंडन किती लांब, असे कुणालाही विचारा. उत्तर किलोमीटरमध्ये येणार नाही. "नऊ-दहा तास," असे येईल. अंतर तासांत सांगायची आपली रीत जुनीच आहे. पुणे किती लांब? तीन तास, आणि घाटात ट्रक आडवा झाला असेल, तर देव जाणे! वास्तविक मुंबई-लंडन हे हवाई अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर, आणि ते बिचारे जागचे हललेले नाही. हलले ते तास.

४ सप्टेंबर १८८८ रोजी तरुण मोहनदास गांधी मुंबईहून बोटीने निघाले, ते विलायतेला टेकले महिनाअखेरीला. समुद्र ओलांडतो म्हणून जातीने वाळीत टाकले, ते निराळेच. बोटीवर त्यांनी काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा खास उतरताना घालायला जपून ठेवला. उतरून पाहतात तो काय, पांढऱ्या कपड्यांत आपण एकटेच! बाकीचे कपडे ट्रंकेत, आणि ट्रंका किल्ल्यांसकट एजंटाच्या ताब्यात. विचार करायला तीन आठवडे मिळाले होते, बरे का.

पुढे विमाने आली. भारत-इंग्लंड प्रवास एकट्याने विमान चालवून महिन्याभरात करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी पाचशे पौंडांचे बक्षीस लावले. महिन्याभरात! १९३० मध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरच्या धावपट्टीवर दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून बसला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग काढून दिले. अस्पी कराचीला आधी पोहोचला आणि बक्षीस घेऊन गेला! आपण रिक्षाच्या रांगेतसुद्धा पुढचा नंबर सोडत नाही; इथे गडी चक्क स्पर्धेचा नंबर देऊन मोकळा झाला. हाच अस्पी १९६० मध्ये आपल्या हवाई दलाचा प्रमुख झाला. ते प्लग वाया गेले नाहीत म्हणायचे.

८ जून १९४८ ला एअर इंडियाची 'मलबार प्रिन्सेस' पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून उडाली. वाटेत कैरो, मग जिनिव्हा, मग लंडन. उतारूंत खुद्द जेआरडीही होते. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि तास भराभर गळाले. आता विमान मधे कुठे टेकतसुद्धा नाही. घड्याळाची गंमत तर अशी, की दुपारी निघालेला माणूस लंडनला त्याच दिवशी संध्याकाळी चहाला हजर! पोट मात्र मध्यरात्र झाली म्हणून कुरकुरत असते.

एक बारकावा राहिला. त्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात. म्हणजे लंडनहून मुंबईला यायला साधारण तासभर कमीच लागतो. आमच्या सोसायटीतल्या आयांनी ही माहिती फोनवरून आपापल्या लेकांच्या कानावर घालून पाहिली आहे. पोरे म्हणतात, "हो का? मला ठाऊकच नव्हतं!"